वाचावें कीं पाहावें?

माहिती मिळविण्यासाठीं आंतरजालावरील लेख वाचावा कीं व्हिडिओ पाहावा, हा प्रश्न वरवर पाहतां सोयीचा वाटतो. नीतीचा वाटत नाहीं. ज्यास वाचणें आवडेल त्यानें वाचावें, ज्यास पाहणें आवडेल त्यानें पाहावें, एवढ्यावर तो मिटावा असें पुष्कळांस वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत होतें. परंतु एका रात्रीच्या अनुभवानें आमचें मत पालटलें, तो प्रथम सांगतों.

आमच्या तीन वर्षांच्या नातवास रात्रीं अकराच्या सुमारास जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनीं फोनवर सांगितलें कीं, मीठ-साखरेचें पाणी पाजीत राहा व सकाळीं मुलाला घेऊन या. फोन ठेवल्यावर ध्यानांत आलें कीं प्रमाण विचारावयाचें राहिलेंच. जलसंजीवनीची तयार पुडी घरांत नव्हती. सूनबाईंनीं शोध केला तेव्हां प्रथम एक व्हिडिओ उघडला. त्यांतील गृहस्थांनीं सर्वांस नमस्कार केला, मग आपलें चॅनेल सबस्क्राइब करण्याची विनंती केली, मग जुलाबांची कारणमीमांसा आरंभिली. मूल रडत होतें, उकळलेलें पाणी निवालें होतें, आणि चमच्यांची संख्या कांहीं येईना. घाईनें पुढें सरकविलें, तों ती मागें राहून गेली. अखेर एका लेखांत ती ओळ सांपडली : एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. ती आम्हीं दोनदां वाचली, सूनबाईंनीं मोठ्यानें वाचली, आणि मगच मीठ मोजलें. मीठ अधिक पडल्यास बाळास अपाय होतो. तेव्हां ही खातरी करून घेणें अवश्यच होतें.

त्या रात्रीं आम्हांस उमगलें कीं, ज्यानें ती ओळ लिहिली त्यानें आधीं विचार करून अनावश्यक तें गाळलें होतें. कष्ट त्याचे झाले, वेळ आमचा वांचला. व्हिडिओकारानें तेच कष्ट आमच्या माथीं मारले होते. सावकाश समजावून सांगणारा मनुष्य मिनिटास सुमारें १५० शब्द बोलतो. इंग्रजी वाचणारा प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारें २४० शब्द मनांत वाचतो, असें प्रयोगांवरून दिसून आलें आहे. परंतु वेग ही गौण गोष्ट आहे. वाचक हा आपल्या वाचनाचा धनी असतो. तो थांबतो, मागें जातो, शंका घेतो, दोन लेख शेजारीं ठेवून ताडून पाहतो. व्हिडिओ पाहणारा दुसऱ्याच्या चालीनें चालतो. आणि बोलणाराचा प्रसन्न चेहरा व ठाम आवाज पुष्कळदां पुराव्याची जागा घेऊन बसतात.

प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादांत सॉक्रेटीसानें लेखनावर आक्षेप घेतला आहे कीं, लिखित शब्दास कांहीं विचारलें तर तो पुनः तेंच सांगतो. आक्षेप खरा आहे. समोर बसलेल्या गुरूची सर ग्रंथास नाहीं. परंतु व्हिडिओंतील गुरु समोर बसलेला नसतो. तोही पुनः तेंच सांगतो, आणि शिवाय आपल्यासाठीं थांबत नाहीं.

लेखनाचा दुसरा गुण असा कीं त्यांतील चूक शोधतां येते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० त, सिद्ध झाली. ती सांगितली ज्ञानदेवांनीं, लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनीं. पुढें सुमारें तीनशें वर्षांनीं, १५८४ त, एकनाथांनीं तींत शिरलेले अपपाठ दूर केले. ग्रंथ अक्षरांत होता म्हणूनच हें साधलें. आज मराठी विकिपीडियावर केलेली प्रत्येक दुरुस्ती तारखेसह पाहावयास मिळते. व्हिडिओंतील एक वाक्य चुकलें तर तें कोठें आहे हेंच शोधण्यांत अर्धा व्हिडिओ पाहावा लागतो.

तथापि एकांगी होऊन चालणार नाहीं. चकली कशी पाडावी, नऊवारीचा काष्टा कसा घालावा, हें शंभर ओळींपेक्षां एकदां पाहूनच कळतें. शिवाय ज्यांच्या वांट्यास शाळा आलीच नाहीं, त्यांस बोलका व्हिडिओ हें मोठेंच वरदान आहे. त्यांस हंसण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

पण ज्यांस वाचतां येतें त्यांचें काय? लिहिणारा जेथें वाचक असतील तेथेंच लिहितो. आपण सर्वांनीं आळसानें ओळीकडे पाठ फिरविली, तर ती लिहिण्याचे कष्ट उद्यां कोण घेणार? नातू दोन दिवसांत बरा झाला. परंतु अशाच एखाद्या रात्रीं दुसऱ्या कोणा घरास ती ओळ सांपडावी, अशी इच्छा असेल, तर वाचीत राहणें हें आपलें कर्तव्यच आहे, असें आम्हांस वाटतें.