सुट्टीतील बाग

महाविद्यालयाच्या आवारात बाग उभी करण्यापेक्षा ती विद्यार्थी नसलेल्या महिन्यांत जगवणे अधिक कठीण असते, आणि म्हणून अशा बागेची आखणी तिच्याभोवती जमणाऱ्यांच्या उत्साहावरून न करता त्यांच्या गैरहजेरीवरून करावी लागते. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी १९७८ साली ग्रंथरूपाने मांडलेले पर्माकल्चर, म्हणजे जमीन, पाणी, झाडे, प्राणी व मानवी श्रम यांची परस्परपूरक आणि टिकाऊ रचना, येथे उपयोगी पडते. कारण रोज हात लावावा लागणारी पिके दाराजवळ आणि आपल्या बळावर तगणारी झाडे दूर, हा पर्माकल्चरचा नियम म्हणजे मुळात माणसाच्या वेळेचाच हिशेब आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील आवारात २०१० साली फ्रँकलिन भोजनगृहालगतच्या पाव एकर हिरवळीवर असा प्रयोग सुरू झाला. हिरवळ नांगरून काढण्याऐवजी तिच्यावर कंपोस्ट, पुठ्ठे आणि लाकडाच्या ढलप्या यांचे थर अंथरले गेले. उजेड तुटल्याने खालचे गवत जागच्या जागी कुजते, गांडुळे वर येतात आणि भुसभुशीत माती तयार होते. सुमारे अडीच लाख पौंड, म्हणजे शंभर टनांहून अधिक सेंद्रिय सामग्री स्वयंसेवकांनी हातांनी वाहिली. हे श्रम डोळ्यांत भरतात खरे, परंतु बागेला खरा आधार मिळतो तो तिचे उत्पन्न शेजारच्याच भोजनगृहात खपते यामुळे, कारण ज्या भाजीची स्वयंपाकघर वाट पाहते तिच्याकडे दुर्लक्ष करणे कोणालाच परवडत नाही.

पाव एकर म्हणजे दहा गुंठे. एवढ्याच जमिनीवर पाच जणांचे कुटुंब चांगले जगू शकते, असे प्रतिपादन ‘प्रयोग परिवार’ या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या चळवळीचे श्री. अ. दाभोळकर यांनी केले होते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांना हे विचार परके नाहीत. अडचण वेळापत्रकाची आहे. तिकडे अमेरिकेत ऐन हंगामात, उन्हाळ्यात, विद्यार्थी घरी जातात. इकडे पावसाळा आणि नवे सत्र साधारण एकत्र सुरू होतात, पण पाण्याची खरी ओढ लागते ती एप्रिल-मेमध्ये, आवार ओस पडलेले असताना. जुलैत छायाचित्रासह लावलेली रोपे मे महिन्यात काटकी होऊन उभी असतात (रोपांच्या आकड्याचा अहवाल मात्र तोवर वर गेलेला असतो). त्यामुळे पालेभाज्या पावसाळा व हिवाळ्यापुरत्या घ्याव्यात, कडेला शेवगा व कढीपत्ता लावावा, पालापाचोळा न जाळता आळ्यांत पसरावा, आणि मेसमधील भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी, साबणाच्या पाण्यापासून वेगळे काढून, अळू व केळीकडे वळवावे. कोकणातल्या परसदारी हे पूर्वापार चालत आले आहे.

समाजाचा सहभागही गैरहजेरीच्या याच कसोटीवर तपासायला हवा. राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाला १२० तासांचे नियमित काम असते. ते एका दिवसाच्या मोहिमेत उधळण्याऐवजी आठवड्याच्या पाळ्यांत वाटले, तर सत्रापुरता प्रश्न सुटतो. सुट्टीसाठी आवारालगत राहणाऱ्या कुटुंबांना उत्पन्नात वाटा देऊन पाण्याची जबाबदारी सोपवता येते. समन्वयक मात्र विद्यार्थी असू नये, कारण तो तीन वर्षांत निघून जातो. जमिनीची नस ओळखणारा माळी त्या जागी नेमावा, आणि त्याचे बारा महिन्यांचे वेतन अंदाजपत्रकात आल्याशिवाय प्राचार्यांनी बागेचे उद्घाटन करू नये.