पेल्याच्या तळाशी



पास्काकाळात घरांना आशीर्वाद देत फिरताना आम्ही एका आजींकडे पाणी मागितले. त्यांनी ते नारिंगी-सोनेरी काचेच्या पेल्यात आणले. पेला जरा हलवला की साबणाच्या फुग्यासारखे रंग त्यावर फिरत. तेवढ्यात अमेरिकेहून सुट्टीवर आलेला नातू ओरडला, "आजी, तो पेला काढू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं!" पुढचा घोट आम्ही दोन्ही हातांनी पेला धरून घेतला.

ही 'कार्निव्हल ग्लास', असे नातवाने सांगितले. मग आम्हीही थोडे वाचले. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामधील विल्यम्सटाउनच्या फेन्टन कारखान्याने १९०७ च्या अखेरीस ती बाजारात आणली. साच्यात दाबलेल्या गरम काचेवर धातूच्या क्षारांचा फवारा मारला की ही झळाळी येते. टिफनीची महागडी काच ज्यांना परवडत नसे, त्यांच्यासाठी ही स्वस्त सोय. जत्रेतल्या खेळांत ती बक्षीस म्हणून वाटली जाई, या समजुतीवरून संग्राहकांनी पुढे तिला हे नाव दिले. आता द्राक्षे, मोर, खसखशीची फुले अशा एकेका नक्षीच्या किमतींची पुस्तके निघतात. सोनेरी 'मॅरिगोल्ड' मुबलक, म्हणून बहुधा स्वस्त. लाल विरळा, म्हणून महाग. साचा तोच, नक्षी तीच!

खरा रंग ओळखण्याची त्यांची रीत आम्हाला फार आवडली. वरच्या झळाळीकडे पाहायचेच नाही. भांडे उलटे करून, फवारा न पोचलेला तळ उजेडापुढे धरायचा. मॅरिगोल्डची काच तेव्हा बहुधा बिनरंगी निघते. आजींच्या पेल्याच्या तळाशी 'जैन' अशी इंग्रजी अक्षरे होती. म्हणजे तो फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचा. असे पेले आज परदेशातले संग्राहक शोधत असतात.

संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या अकराव्या खंडात एक बोचरे निरीक्षण नोंदवले आहे: बाजारात गुलामापेक्षा घोड्याला आणि दासीपेक्षा रत्नाला जास्त दाम मिळतो. निर्मितीच्या क्रमात माणूस घोड्याच्या आणि रत्नाच्या कितीतरी वर. पण गरज आणि हौस यांचा तराजू वेगळा. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. या पेल्याने ते पुन्हा उघडायला लावले.

कारण ज्या वेस्ट व्हर्जिनियात ही काच जन्मली, तिथल्याच काचकारखान्यांतल्या मुलांची छायाचित्रे लुईस हाइन यांनी १९०८ मध्ये काढली. त्याच वर्षी इंडियाना राज्यात त्यांनी टिपलेली मुले तर मध्यरात्रीच्या पाळीवर उभी आहेत. फिरोजाबादच्या बांगड्यांच्या कामात मुले राबल्याच्या नोंदी तर आपल्याच काळातल्या. कोणता तुकडा कोणत्या पोराने भट्टीपासून वाहून नेला, हे कुठल्याच तळाशी उमटलेले नसते. किमतीच्या पुस्तकात रंगाला रकाना आहे, टवका उडाला असेल तर त्यालाही आहे.

हौस वाईट, असे आम्ही म्हणत नाही. जुनी वस्तू जपणाऱ्याला कारागिरी कळते. फेकून देणाऱ्याला तेवढेही कळत नाही. पण जिथे आपला ठेवा तिथे आपले मन, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात बजावले, तेव्हा त्याने ठेव्याच्या किमतीबद्दल काही विचारले नव्हते.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्या घरी जाऊन हे सगळे सांगितले. नातू गप्प होता. पेला कपाटात, काचेआड गेला होता. पाणी स्टीलच्या भांड्यातून आले. आजींनी एवढेच विचारले, "त्या पोरांचं पुढं काय झालं, फादर?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आजच्या दुसऱ्या मिस्साचा हेतू आजींनी त्या मुलांसाठी दिला आहे.