दोन जोड मोजे

पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांतून इंग्रज शिपायांनी घरी पाठवलेली पत्रं वाचताना आधी नवल वाटतं. लढाई त्यांत फारशी नसतेच. मोजे पाठव, मेणबत्त्या पाठव, उवा मारायची पावडर पाठव, मागचा केक पोचला पण त्याचा चुरा झाला होता. आपण शौर्याच्या गोष्टी शोधत असतो आणि हा पोरगा आईकडे मोजे मागत असतो.

त्या मोज्यांपाशी जरा थांबावं. खंदकात गार पाणी आणि चिखल. दिवसेंदिवस त्यात उभं राहिलं की पाय आधी बधिर होतात, मग सुजतात, मग सडायला लागतात. कित्येकांचे कापावे लागले. उपाय एवढाच, की पाय पुसायचे, व्हेल माशाचं तेल चोळायचं आणि कोरडे मोजे चढवायचे. म्हणजे ‘आणखी दोन जोड पाठव’ या ओळीत पाणी आलं, थंडी आली, भीतीही आली. आपण कुठे आहोत, हे सेन्सॉर लिहू देत नव्हता. मोजे लिहू देत होता.

ज्यांना पत्र लिहायला उसंत नसे, त्यांच्यासाठी सैन्यानं छापील कार्ड काढलं होतं. मी बरा आहे, इस्पितळात दाखल झालो आहे, अशी वाक्यं तयार. नको ती खोडायची, खाली सही करायची. वर एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट. त्या मोजक्या मजकुरातही पार्सल मिळाल्याची पोच देण्याची सोय होती. ज्या कुणी ती ठेवली, त्याला घरच्यांचं मन कळत होतं.

रणावर गेलेल्या मुलासाठी आईला करता येण्याजोगं फार थोडं असतं. त्यानं काही मागितलं की तिच्या हातांना काम मिळतं. लोकर आणायची, विणायचं, नीट बांधून पोस्टात टाकायचं. बऱ्याच मुलांना हे उमगलं असावं आणि गरजेपेक्षा थोडं जास्तच त्यांनी मागितलं असावं, असं मला वाटतं.

आपली माणसंही त्या युद्धात होती. मेसोपोटेमियात कूत इथे सहाव्या पुणे डिव्हिजनला डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ वेढा पडला. तिच्यात मराठा पलटणी होत्या. पार्सलाला वाटच उरली नाही. विमानांतून पिठाची पोती टाकली, दळायला जात्याचे दगडसुद्धा टाकले. पुरलं नाही. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या महायुद्धात कामी आले.

आपल्या शिपायांत लिहिता येणारे थोडे. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं, गावात आणखी कुणाकडून वाचून घ्यायचं. त्यातलं एखादं तुमच्या घरी जुन्या पेटीत असेल, तर टाकून देऊ नका; त्यात नुसती तंबाखू मिळाल्याची पोच आणि लोणच्याची मागणी असली तरीही.