तुकड्या कशा पाडता?

बदली होऊन आलेलं किंवा मुंबईला कंटाळून परतलेलं तरुण जोडपं रत्नागिरीत जागा बघायला निघालं की तिसऱ्या वाक्याला शाळा येते. स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ, आणि मुलीला शाळा कुठली? एजंटाचं उत्तर तयार असतं. ‘साळवी स्टॉपला घ्या, नाही तर नाचण्याला. स्कूलबस दारात येते. आणि वस्ती चांगली आहे.’ चांगली म्हणजे कशी, हे तो सांगत नाही आणि जोडपंही विचारत नाही. न विचारता सगळ्यांना कळलेलं असतं.

जुनी रत्नागिरी कशी सगळ्यांची होती, असे गळे काढायची आपल्याकडे पद्धत आहे. गाव सगळ्यांचं होतं, हे खरं. आळ्या मात्र सगळ्यांच्या नव्हत्या. टिळक आळी ब्राह्मणांची, मिरकरवाडा आणि राजिवडा मुसलमान मच्छीमारांचा. भंडारी, खारवी, कुणबी, महार यांच्या वाड्या आपापल्या. माणसं भेटायची ती बाजारात, धक्क्यावर, एसटीच्या बाकावर. गंमत अशी, की लांबून आलेल्याला या गावाने सहज पोटात घेतलं. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये इथे आणला गेला, १९१० मध्ये त्याचा राजवाडा उभा राहिला, १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची नात टूटू एका रत्नागिरीकराशी लग्न करून, मराठी बोलत इथेच म्हातारी झाली. ब्रह्मदेशच्या राजाची नात रत्नागिरीला चालली; पलीकडच्या वाडीतलं पोर ओटीवर चालत नव्हतं.

ते पोर शाळेत तरी चालावं, म्हणून १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला. सरकारी खर्चाच्या शाळा, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. कागदावर प्रश्न मिटला. १९२४ मध्ये सावरकर स्थानबद्ध म्हणून रत्नागिरीत आले तेव्हा स्थिती अशी, की मुलं शाळेत येत, पण वेगळी बसवली जात. सावरकरांनी हट्ट धरला तो नुसत्या प्रवेशाचा नव्हे, सरमिसळ बैठकीचा. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांनी बांधलेल्या पतितपावन मंदिराचा इतिहास सगळे सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती ही शाळेतल्या बैठकीची लढाई, कारण देवळात माणूस घटकाभर उभा राहतो, वर्गात सहा तास बसतो. अर्थात ही सरमिसळ हिंदूंपुरतीच होती. त्याच सावरकरांची शुद्धीची चळवळही इथूनच चालली होती, आणि राजिवड्यातल्या मुलाची जागा त्या बैठकीत धरलेली नव्हती. कोकणी मुसलमानाच्या घरातली बोली आपल्या कोकणीच्या इतकी जवळची, तरी त्याची मुलं बरीचशी उर्दू शाळेत गेली. तो सांधा तसाच उघडा राहिला.

शेजारी कोण बसतं, याने इतका काय फरक पडतो? हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सात कोटींवर लोकांच्या फेसबुक-मैत्र्या तपासल्या. गरीब घरातलं मूल पुढे किती वर येतं, याचा संबंध त्या भागातल्या गरीब-श्रीमंतांच्या दोस्तीशी फार जवळचा निघाला. त्यात एक मेख आहे. अशा मैत्र्या कमी असण्याचं निम्मं कारण गाठच पडत नाही, हे; उरलेलं निम्मं, गाठ पडूनही माणसं आपापल्यातच राहतात. म्हणजे एका छपराखाली आणून भागत नाही, कोण कुणाशेजारी बसतं ते बघावं लागतं. रत्नागिरीला हे नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं.

आज सकाळी सातला मारुती मंदिरापाशी उभं राहावं. रिक्षात मागे पाच, पुढे रिक्षावाल्याला खेटून एक, बाहेर दप्तरं लटकलेली. मागोमाग व्हॅन, तिच्यामागे पिवळी बस. एका इमारतीतून चार रंगांचे गणवेश चार दिशांना जातात. नव्या वसाहतीत जातीच्या भिंती पुष्कळ पडल्या आहेत, हे मान्य करायला हवं. एका मजल्यावर मराठा, कुणबी, बौद्ध, कऱ्हाडे सहज सापडतात. पण मुसलमान कुटुंबाला भाड्याने जागा देताना ‘आम्हाला काही नाही हो, सोसायटीचं...’ हे पालुपद अजून आहे. ज्या गावात बाजाराचा श्वासच मिरकरवाड्याच्या मासळीवर चालतो, तिथे ‘शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’ लिहिणाऱ्याचं मला कौतुकच वाटतं. आणि जे इमारतीत जमलं, ते शाळेची फी सकाळी पुन्हा वेगळं करते.

वस्ती मिसळलेली राहावी म्हणून सिंगापूरने १९८९ पासून सरकारी इमारतींत प्रत्येक वंशाच्या घरांवर मर्यादा घातली. आपल्याला ते झेपणार नाही. आपला उपाय शाळेचा : २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात जवळची शाळा आणि खासगी शाळांत वंचितांना पंचवीस टक्के जागा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असली की खासगी शाळेला यातून सूट दिली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

‘पण जवळच्या शाळेत शिक्षणाचा दर्जा?’ असं जोडप्यातला नवरा हमखास विचारतो. कोकण विभागीय मंडळ वेगळं झालं, तेव्हापासून दहावीच्या निकालात ते राज्यात पहिलं येत आलं आहे. हा निकाल चार महागड्या शाळांचा नाही. खेड्यापाड्यांतल्या मराठी शाळाही त्यातच आल्या. फाटक, पटवर्धन, शिर्के या शाळांतून पिढ्या शिकल्या, त्या स्कूलबसशिवाय.

म्हणून माझा सल्ला साधा असतो. जागा शाळेपासून मूल चालत जाईल एवढ्याच अंतरावर घ्या. मग खोली लहान मिळेल, गाडी लावायला वांधे होतील. नाचणे, कुवारबाव, शिरगाव ग्रामपंचायतीत आहेत, तिथे नगरपरिषदेची नव्हे, जिल्हा परिषदेची शाळा जवळ पडेल. तीही आधी आत जाऊन बघा. संध्याकाळी पाचला त्या वाडीत कोण कुणाबरोबर क्रिकेट खेळतंय तेही बघा. आणि सौदा करण्याआधी मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, की तुकड्या कशा पाडता? हुशारांची ‘अ’, सेमी इंग्रजीची वेगळी आणि उरलेल्यांची ‘ड’, असं उत्तर आलं, तर बयाणा देऊ नका; दुसरी शाळा बघा, मग तिच्याजवळ जागा.