आधी तळ, मग गवत, मग घोडा

समुद्रघोड्याला जठर नसतं. खाल्लेलं साठवायची सोयच शरीरात नाही, ते आतड्यातून भराभर पुढे सरकतं, म्हणून त्याला दिवसभर थोडं थोडं खात राहावं लागतं. दातही नाहीत. नळीसारख्या तोंडाने तो बारीक झिंग्यांसारखे जीव गपकन ओढून घेतो. पोहण्यात तर फारच दुबळा. पाठीवरचा इवलासा पर सेकंदाला सुमारे 35 वेळा हलवूनही अंतर जेमतेम कापलं जातं. मग शेपटी कशाला तरी गुंडाळायची आणि भक्ष्य तोंडासमोर येईपर्यंत थांबायचं. फ्लोरिडाच्या उथळ खाड्यांमध्ये हा विळखा बऱ्याचदा समुद्री गवताच्या पात्याला असतो.

समुद्रघोडा टाकीत पाळायचा तर प्लास्टिकची पाती रोवली तरी शेपटीचं भागतं, आणि अशा टाक्यांत समुद्रघोडे चांगले जगलेही आहेत. जिवंत गवत लावायचं ठरवलं की मात्र कामाचा क्रमच बदलतो. प्राणी आणायचा आणि त्याच्या भोवती सजावट करायची, हे तिथे चालत नाही. आपण खरं तर वाळूखालचा गाळ पाळायला घेतो. तो नांदता झाला की गवत टिकतं, आणि गवत टिकलं की घोड्याची जागा तयार होते.

हे सारं मी तिकडच्या, अमेरिकेतल्या टाक्यांबद्दल लिहितो आहे. भारतात 2001 साली समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. इथे त्यांना पकडणं, विकणं, घरी ठेवणं यांचा विचारही करू नये, आणि मला ते योग्यच वाटतं. फ्लोरिडातही समुद्रातला घोडा आणू नये. टाकीतच जन्मलेला, गोठवलेलं खाणं खायला शिकलेला घ्यावा.

समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. ती मुळं, खोड, फुलं असलेली खरी वनस्पती आहे. तिचं खोड वाळूखाली आडवं रांगतं आणि हरळीसारखं पेऱ्यापेऱ्यातून वर पाती सोडत जातं. मुळं जिथे उतरतात तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर. वाळूतले जिवाणू मेलेली पानं, विष्ठा कुजवताना ते वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. गाळ काळा पडतो, सडक्या अंड्यांचा वास येतो. हा वायू मुळांना विषारी आहे. मग गवत त्यात जगतं कसं? पानं उजेडात जो प्राणवायू बनवतात, त्यातला काही आतल्या पोकळ वाटांनी खाली मुळांपर्यंत जातो आणि कोवळ्या टोकांशी बाहेर झिरपतो. तिथे सल्फाइडचं विष उतरतं. उजेड कमी पडला की ही रसद तुटते, आणि वरून हिरवं दिसणारं गवत खालून मरू लागतं. म्हणून दिवा निवडतानाही विचार मुळांचा करायचा.

निसर्गाने इथे आणखी एक सोबती दिला आहे. 2012 साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की गवताच्या कुरणात राहणारे लुसिनिड कुळातले शिंपले आपल्या कल्ल्यांतल्या जिवाणूंकरवी सल्फाइड संपवतात. गवत, शिंपला आणि जिवाणू असा तिघांचा संसार! हे वाचल्यावर टाकीचा तळ म्हणजे नुसती रोपं रोवायची वाळू, असं मला कधीच वाटलं नाही.

तर वाळू साखरेएवढी बारीक, अ‍ॅरॅगोनाइटची. हॅलोड्यूल या अरुंद पात्याच्या गवताला सात-आठ सेंटिमीटरचा थर पुरतो. थॅलॅसिया, म्हणजे रुंद फितीसारख्या पात्याचं गवत, त्याला पंधरा तरी हवी. या वाळूत जुन्या, नांदत्या टाकीतली मूठभर वाळू मिसळावी, म्हणजे किडे आणि जिवाणू सोबत येतात. आता उंचीचा हिशोब. घोड्याची जोडी मीलनाच्या वेळी पाण्यात वर वर चढत जाते, म्हणून मोकळं पाणी त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवं. हिप्पोकॅम्पस इरेक्टस जातीच्या पंधरा सेंटिमीटरच्या घोड्यासाठी पंचेचाळीस, त्यात वाळूचे पंधरा मिळवा. टाकी साठ सेंटिमीटर उंच झाली.

समुद्रात उघड्या वाळूवर आधी हॅलोड्यूल पसरतं, थॅलॅसिया मागून सावकाश येतं. टाकीतही हाच क्रम ठेवावा. लावताना आडव्या खोडाचं वाढतं टोक शाबूत असलेला तुकडा घ्यावा. टोक मोडलेला तुकडा बहुधा आहे तिथेच राहतो. सुरुवातीला बरीच पानं गळतील. तेव्हा उपटून पाहू नये, खाली खोड रुजत असतं. काही महिने या टाकीत गोगलगायींखेरीज बघण्यासारखं काही नसेल, आणि पात्यांवर चढणारं शेवाळ खरवडून खाणं हे त्यांचंच काम. मला हा काळ टाकीच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पुढे घोड्याच्या वाट्याला जे येणार ते याच दिवसांत घडतं.

मग घोडा येतो आणि देवाणघेवाण सुरू होते. पोट नसलेला हा प्राणी खूप खातो, खूप घाण करतो. तिच्यातला अमोनिया गवताला हवाच असतो, पानं आणि मुळं दोन्ही तो घेतात. तरी उरलेलं मायसिस, म्हणजे झिंग्यांसारख्या बारीक जिवांचं गोठवलेलं खाणं, रोज काढावं लागतं, नाहीतर शेवाळ पात्यांना झाकून टाकतं. पंपाचं तोंड जाळीने बंद करावं, शेपटी आत ओढली जाते. तापमानात मात्र दोघांचं जमत नाही. गवताला ऊब आवडते, घोडा 22 ते 24 अंशांत सुरक्षित, त्यावर गेलं की व्हिब्रिओसारखे जिवाणू त्याला गाठतात. इथे मी घोड्याची बाजू घेतो. गवत जरा हळू वाढेल, एवढंच.

आणि बोटाच्या पेराएवढा बुटका समुद्रघोडा, हिप्पोकॅम्पस झोस्टेरी? तो तर फ्लोरिडाच्या गवतातलाच, त्याची पिल्लं जन्मताच पात्याला शेपटी गुंडाळतात. अशा टाकीत त्यालाच ठेवावं असं कुणालाही वाटेल. पण जिवंत वाळूबरोबर हायड्रॉइड नावाचे बारीक जीव येतात, आणि त्यांचा दंश या इवल्या जिवाला व पिल्लांना मारतो. हायड्रॉइडवर फेनबेंडाझोल चालतं, पण तेच औषध वाळूतले किडे आणि काही गोगलगायीही मारतं आणि वाळूत दीर्घकाळ राहतं. म्हणजे महिनोन् महिने राखलेला तळ हातचा जातो. तेव्हा गवताच्या टाकीत इरेक्टसची जोडी ठेवावी, आणि बुटक्यासाठी उघड्या तळाची, प्लास्टिकच्या पात्यांची छोटी टाकी वेगळी लावावी.