आधी हाताने, मग पान्याने

आपल्या अहिल्यानगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे, चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. यंत्राची शिस्त या शहराला नवी नाही. तीच शिस्त घरच्या अंगणात मोटार दुरुस्त करतानाही लागते. इंजिन उघडणे जोडण्याच्या मानाने सोपे. परंतु साफ केलेले इंजिनाचे हेड पुन्हा बसवताना जो बोल्ट आट्यात शिरण्यास नकार देतो, त्याच्यावर पान्याची सक्ती केली, तर मऊ धातूचे आटे कायमचे जातात. म्हणून जाणता कारागीर बोल्ट प्रथम किंचित उलटा फिरवतो, आट्याला आटा भेटल्याची सूक्ष्म जाणीव बोटांना होऊ देतो, आणि मगच तो सुलटा वळवतो. आधी हाताने, मग पान्याने. आवळतानाही मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने. एरवी हेडला बाक येतो.

माणसांशीही असेच वागावे. बांधाचा तंटा तहसील कचेरीत नेण्यापूर्वी शेजाऱ्याच्या ओट्यावर बसावे. रुसलेल्या भावाला नोटीस नव्हे, निरोप धाडावा. आधी हाताने, मग पान्याने. कायद्याचा पाना आवश्यकच आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याने तो निःशंक उचलावा. पण श्रोतेहो, कोणाशी बोलणे अडले असेल, तर कचेऱ्या उघडायला अजून पुष्कळ अवकाश आहे. तोवर त्याच्या दारी जाऊन येता येईल.