किशोर कादंबरीचा प्रौढ वाचक

आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली कादंबरी प्रौढ वाचक पुन्हा हाती घेतो, तेव्हा त्याच्या वाचनाची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक स्मरणरंजनाचे, दुसरे, प्रौढ जीवनातील गुंतागुंतीपासून पलायनाचे. अशा वाचनात प्रौढ माणूस पुन्हा मूल होतो, हे गृहीतक दोहोंच्याही मुळाशी आहे. ते तपासून पाहिले पाहिजे.

केवळ मुलांनाच रुचणारी बालकथा ही चांगली बालकथा नव्हे, असा निकष सी. एस. लुइस यांनी १९५२ साली मांडला. तो कृतीच्या गुणवत्तेविषयी आहे. वाचकाच्या नैतिक स्थानाविषयी त्यातून काही कळत नाही. सेंट-एक्झुपेरी यांनी ‘द लिटल प्रिन्स’ (१९४३) एका प्रौढ मित्राला अर्पण करताना बालवाचकांची क्षमा मागितली आणि अखेर तो मित्र लहान असतानाच्या त्या मुलाला पुस्तक अर्पण केले. प्रौढाला येथे प्रवेश आहे. पण आपले प्रौढपण दाराबाहेर ठेवून.

‘श्यामची आई’ (१९३५) अशी अट घालत नाही. काटेकोर अर्थाने ते आत्मचरित्रात्मक कथन असले, तरी पिढ्यानपिढ्या ते मुलांच्याच हाती दिले गेले. त्याची रचना मात्र वेगळे काही सुचवते. बेचाळीस रात्री श्याम कथा सांगतो तो आश्रमातील सोबत्यांना. सांगणारा प्रौढ आहे. बालपण आहे ते कथेत.

पोहण्याचा प्रसंग पाहावा. पाण्याच्या भीतीने लपलेल्या श्यामला आई शिंपटीचा मार देऊन विहिरीवर धाडते. बालवाचक श्यामच्या अंगातून विहिरीकडे पाहतो. त्याला पाणी दिसते. प्रौढ वाचकाला शिंपटी धरलेला हात दिसतो. मुलाच्या भल्यासाठी त्याला दुखावण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या किमतीवर, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. प्रसंग तोच असतो. वाचकाची त्यातील जागा बदललेली असते. पूर्वी मार खाणाऱ्याच्या जागी असलेला वाचक आता मार देणाऱ्याच्या जागी आला आहे, आणि पहिली जागा तो विसरलेलाही नाही.

किशोर कादंबरीचे प्रौढाला वाटणारे आकर्षण या दुहेरीपणात आहे. प्रौढांच्या जगात कृती आणि तिचे परिणाम यांच्यामध्ये संस्था, कागदपत्रे आणि सबबी येतात. मुलाच्या लहानशा जगात मोडलेला शब्द त्याच संध्याकाळी समोर येतो. हे जग सोपे नसते. तेथे लपायला जागा कमी असते, इतकेच. शिवाय त्या जगातील वडीलधाऱ्यांच्या निर्णयांचे ओझे मुलांना वाहावे लागते. श्यामच्या घरावरील कर्ज त्याने काढलेले नसते. त्यापायी होणारी आईची परवड मात्र त्याला पाहावी लागते. हे वाचणारा प्रौढ निरागसतेचा वारसदार उरत नाही. तो आरोपीच्या पिंजऱ्याजवळ येऊन उभा राहतो.

धोका आहे तो हे स्थान नाकारण्यात. डोळे पाणावले की आपण अजून निर्मळ आहोत, अशी ग्वाही स्वतःला देणारा वाचक मुलांच्या पुस्तकातून स्वतःपुरती क्षमा उचलून नेतो. ती देण्याचा अधिकार पुस्तकाला नाही. असलाच तर तो आज घरात वाढणाऱ्या मुलाला आहे.